वाकड्या नानकटाया

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. पुसदला होळी आटोपली, की घरोघरच्या बायका नानकटायांचं पीठ मळून बेकरीत आणायच्या. दुपारी पाव काढून झाले, की भट्टीवाला आमचे पत्रे आत सारायचा. तिथंच एकदा एक बाई माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. पदर खोचलेला, मनगटापर्यंत तूप आणि तोंडानं सारखं चाललेलं, "आटपा ना भाऊ, वरण चुलीवर ठेवून आली मी."

हात मात्र भलतंच काम करत होते. पिठाचा सुरेख गोल गोळा वळायचा आणि लगेच अंगठ्यानं दाबून तो वाकडा करायचा!

भट्टीवाल्यानं तिला छेडलंच. "काहून वो बाई, गोल जमत नाही काय?"

"जमते ना. पण गोल झाल्या का सासूबाई डब्यात भरून ठेवते, पाहुण्याईसाठी. मागच्या साली माह्या लेकराईनं नुसता वास घेतला. वाकड्या पाहुण्याईले कोन देते?"

आम्ही सगळ्या खळखळून हसलो. तिला हसायलाही सवड नव्हती.

पत्रा बाहेर आला. एकाहून एक बेढब नानकटाया तिनं समाधानानं डब्यात भरल्या. एक तेवढी चुकून अगदी गोल झाली होती. तिनं ती उचलून निरखली, फुंकर मारली आणि तिथंच उभ्यानं, डोळे मिटून, सावकाश खाल्ली. मग डबा कडेवर घेऊन झपाझप निघून गेली.

घरच्या गर्दीत आपल्या वाट्याला काय उरणार, हे तिला पक्कं ठाऊक असावं.