धडधडे गुरुजींचा दगड

डोंगर चढणारी माणसं वर बघतात. आमचे गुरुजी मागे बघत चढायचे. चार पावलं टाकली की मान वळायची, बोट हलायचं आणि ओठ पुटपुटायचे, "एक, दोन, तीन, चार... पाचवा कुठं गेला गा?" पाचवे ते स्वतः असायचे. हे ध्यानात येईपर्यंत चेहरा पांढरा पडलेला असे. गोंदियात त्यांना सगळे धडधडे गुरुजी म्हणत. खरं आडनाव शाळेच्या कागदावरच राहिलं.

त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांना ओळखणारे जे थोडे उरले आहेत, ते अजून हसत सांगतात, "सगळ्यांचे दगड मोजणारा माणूस, अन् एक दिवस स्वतःचाच ठेवायला विसरला." मीही त्या हसण्यात सामील झालो आहे. म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे, म्हणून देवरीकडे जाणारी सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. तिच्या पाठीला उंच भट्टी बसवलेली होती. निघायच्या आधी क्लीनर अर्धा तास पंखा फिरवी, तेव्हा कुठे इंजिन खोकल्यासारखं करून सुरू होई. रविवारी सकाळी या मोटारीनं निघायचं, आमगावच्या पुढे घोडादेवाच्या पहाडीखाली उतरायचं, वर चढून शिदोरी खायची आणि दुपारी देवरीहून परतणारी तीच मोटार धरायची. हा नाद गुरुजींनीच आम्हा चौघांना लावला. त्या काळी लोक डोंगरात जात ते लाकडासाठी, मोहासाठी नाहीतर देवासाठी. नुसतं चालायला जाणारे आम्ही, म्हणून स्टँडवरचे लोक विचारत, "काऊन गा, वर काही हरवलं काय?"

गुरुजींचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पहाडी कुठं पळून जात नाही. मोटार जाते." शिखरावर पोचलो, खाली भातखाचरं आणि तलाव चकाकताना दिसू लागले, की आम्ही हरखून जायचो. गुरुजी मात्र सूर्याकडे हात धरून तो मावळायला किती बोटं उरली ते मोजायचे. त्यांच्या पिशवीत हळद, चिंध्या, गूळ, दोरी आणि आगपेटीच्या दोन डब्या असत. दुसरी कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "पहिली ओली झाली तं?" मोटारीचा ड्रायव्हर, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, त्यांना चिडवायचा, "गुरुजी, आप बैठते हो तो मेरा इंजन भी घबराता है." गुरुजी गंभीरपणे विचारायचे, "काऊन, आवाज बदलला काय?"

पहाडीच्या पायथ्याशी मोहाच्या झाडाखाली घोडादेवाचं ठाणं होतं. मातीचे लहान लहान घोडे, काही पाय मोडलेले. आजूबाजूच्या गावांची एक रीत होती. जंगलात जाणाऱ्यानं देवापुढे आपल्या हातानं एक दगड ठेवायचा आणि परत आल्यावर आपल्याच हातानं उचलून बाजूला टाकायचा. दगड असेपर्यंत देवाची नजर त्या माणसावर असते. दुसऱ्याचा दगड कधी उचलायचा नाही. उचलला तर देवाला वाटतं, हा घरी पोचला, आणि तो नजर काढून घेतो.

गुरुजींसारख्या माणसाला ही रीत म्हणजे जणू देवानंच पाठवलेला दिलासा होता. त्यांनी ती उस्तादलाही पटवली. ठाण्यापुढे दगड दिसला तर थांबायचं, नाही दिसला तर निघायचं. उस्ताद मग माणसांकडे बघतही नसे. मोटार थांबवून एक नजर देवाकडे टाकायची की झालं. गुरुजी सकाळी दगड ठेवत, दहा पावलं जात, परत येऊन बघत. पुन्हा जात, पुन्हा येत. तिसऱ्यांदा हात लावून बघत तेव्हा कुठे चढायला लागत.

त्या रविवारी थंडी फार होती. आमच्यातले बाकीचे आले नाहीत. मी एकटाच स्टँडवर गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मला गोंदियाच्या रेल्वे हापिसात नोकरीसाठी हजर व्हायचं होतं. आठ महिने त्या एका बोलावण्याची वाट बघितली होती. घरात बसवत नव्हतं.

मला बघताच गुरुजी म्हणाले, "उद्या तुयी नोकरी, अन् आज कायले येऊन राहिला? पाय मुरगळला तं?"

"नाही मुरगळणार, गुरुजी."

"मोटार बिघडली तं?"

त्यांच्यावर मी हसलो. पण ते वाक्य माझ्या मनात रुतलं. चढताना, शिदोरी खाताना, तेवढंच ऐकू येत होतं. मोटार बिघडली तर? उशीर झाला, भट्टी विझली, कोळसा संपला, आमगावच्या आगगाडीपर्यंतही पोचलो नाही तर? त्या दिवशी पहिल्यांदा मी गुरुजींसारखा मागे वळून वळून बघत होतो, मात्र माणसांकडे नाही, सूर्याकडे.

उतरताना अर्ध्या वाटेवर एक जांभळीचं झाड होतं. तिथं दोन वाटा फुटत. गुरुजींचा नियम होता, पुढे असलेल्यानं जांभळीपाशी थांबायचं, मागचा आल्याशिवाय पाय हलवायचा नाही. गुरुजींचे गुडघे दुखत होते, ते मागे राहिले होते. मी जांभळीपाशी पोचलो आणि थांबलो नाही. कोरड्या नाल्यातून सरळ खाली उतरलो. मी दिसलो नाही तर गुरुजी मला शोधायला पुन्हा वर जातील, हे मला तेव्हाच कळत होतं. नंतर सुचलेलं नाही ते. तेव्हाच कळत होतं.

ठाण्यापुढे दोन दगड होते. माझा काळा आणि गुरुजींचा तांबूस, चपटा. मी माझा उचलून टाकला. वर बघितलं, वाटेवर कोणी नव्हतं. तेवढ्यात वळणावर मोटारीचा भोंगा वाजला. हा दगड दिसला की उस्ताद थांबणार. भट्टी गार होणार. मग पुन्हा पंखा, पुन्हा अर्धा तास, आणि मग कोळसा पुरेल की नाही कोणी सांगावं? गुरुजींना तर सगळी पहाडी पाठ आहे, खालच्या गावात त्यांना कोणीही ओसरी देईल, त्यांना उद्या नोकरी थोडीच धरायची आहे, असं सगळं मी एका श्वासात स्वतःला सांगितलं. आणि तो तांबूस दगड उचलला.

मोटार आली. देवरीच्या बाजाराची गर्दी होती, टपावरही माणसं होती. मी मागे, मोहाच्या पोत्यांना टेकून उभा राहिलो. उस्तादनं देवाकडे बघितलं आणि ओरडला, "सब आ गए?" मी बोललो नाही. पोत्यांवर बसलेला कोणी म्हणाला, "चलो उस्ताद, टैम हो रहा है." मोटार हलली. आमगावच्या अलीकडे माझ्या ध्यानात आलं की दगड अजून माझ्या मुठीत आहे. मी तो खिडकीतून टाकला.

मला नोकरी मिळाली.

गुरुजी दुसऱ्या दिवशी दुपारी पायी आमगावला पोचले, तिथून आगगाडीनं घरी आले. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. ते खाटेवर बसले होते, पाय सुजले होते आणि गळ्यातून आवाज जेमतेम निघत होता. त्यांची बहीण, जिला आम्ही सगळे बाई म्हणत असू, ती सांगत होती, "अंधार पडेपर्यंत तुयं नाव घेऊन बोंबलत होते, बापा. साऱ्या पहाडीत. नामदेव, नामदेव."

गुरुजींनी मला हातानं जवळ बसवलं. "तुले तं भेटली ना मोटार?"

"हो."

"नोकरी?"

"लागली."

"मंग झालं." मग त्यांनी विचारलं, "पन माया दगड नाही दिसला काय गा उस्तादले?"

मी म्हणालो, "मी माझा उचलला. तुमचा मला दिसला नाही, गुरुजी."

ते आपल्या तळहाताकडे बघत म्हणाले, "मंग म्या ठेवलाच नसन. दरवेळी ठेवतो, म्हून त्या दिवशीही ठेवला असं वाटलं असन."

माणूस काळजी करतो तेव्हा त्याला निदान एका गोष्टीचा भरवसा असतो, आपण स्वतः तपासलं आहे याचा. मी गुरुजींचा तेवढा भरवसा काढून घेतला. पुढच्या वेळी ते पहाडीपर्यंत आले, दगड ठेवला आणि त्याच्याजवळच बसून राहिले. "तुम्ही जा. मी पायतो इथं." त्यानंतर आलेच नाहीत. उस्ताद स्टँडवर गमतीनं म्हणाला, "सबका पत्थर देखते थे, अपना ही भूल गए?" सगळे हसले, गुरुजीही हसले. मग ते शाळेच्या अर्ध्या वाटेवरून कुलूप बघायला परत जाऊ लागले. मुलांनाच विचारू लागले, "हजेरी घेतली काय रे म्या?" बसलेला आवाज पुरता सुटला नाही. वर्षभरात त्यांनी शाळा सोडली.

सेहेचाळीस साली माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो. गुरुजींनी अंगणातून एक दगड उचलला, उंबऱ्याशेजारी ठेवला, दोनदा हलवून नीट बसवला. "हा तुया. परत आला का तूच उचलजो."

"गुरुजी, त्या दिवशी मोहाखाली..."

"तो दिवस कायले काढतं आता? मायीच चूक होती." त्यांनी दाराबाहेर डोकावून सावली बघितली आणि एकदम घाबरे झाले. "अन् तू बसून काऊन राहिला? गाडी चुकन तुयी! जाय, जाय लवकर!"

त्यांनी मला अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. मी गेलो. जायला मिळालं याचं बरंही वाटलं.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं पत्र आलं. मी पोचलो तोवर दिवस होऊन गेले होते. दगड उंबऱ्याशेजारी होता. बाई म्हणाली, "झाडतानाही कोनाले हात लावू दिला नाही. रोज सकाळी पायत होते, हाये का नाही म्हून. आता आला तं उचल बापा."

मी वाकलो. हात पुढे केला. उचलता आला नाही.

त्या रविवारी गुरुजींनी दगड ठेवला होता. तांबूस, चपटा. ठेवून दहा पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले, तिसऱ्यांदा त्याला हात लावून बघितला. मी शेजारी उभा होतो आणि हसत होतो. ते विसरले नव्हते.