घेर वर सरकला

प्रिय ईरा आणि अनय,

भारत आणि जपानमधल्या लोकांच्या वयांची तुलना करायची आहे, पूर्वीची आणि आताची, असं तुम्ही रविवारी फोनवर म्हणालात. आकडे तुम्हाला संगणकावर मिळतील. मी एक माणूस देते. आमच्या कोपऱ्यावरचे टेलरचाचा या हिवाळ्यात गेले. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण हा धडा त्यांच्याइतका झटकन कुणाला कळलेला पाहिला नाही.

कुणीही समोर आलं की ते आधी खांदे बघत, मग चेहरा. "खांदा खोटं बोलत न्हाय, बाई," असं म्हणत.

वडिलांपासून त्यांच्या दुकानात फक्त शाळेचे गणवेश शिवले जात. पण गल्लीत बारसं ठरलं की बाळाची कुंची चाचाच शिवत, तीही फुकट. "पहिलं माप माझं," हा त्यांचा हट्ट. ज्या वर्षी जितक्या कुंच्या, सहा वर्षांनी पहिलीचे तितकेच गणवेश ते उन्हाळ्यात कापून ठेवत. हिशेब कधी चुकला नाही.

मग कुंच्या कमी झाल्या. दुसऱ्या कुणी त्यातून धडा घेतला असता. चाचा रुसले.

"लोक तयार कुंच्या आणाय लागल्यात. आम्ही मेलो काय?"

त्या रागात सहा वर्षांनीही त्यांनी गणवेश पहिल्याइतकेच कापले. शाळा सुरू झाली, निम्मा ढीग तसाच राहिला. पुढच्या वर्षीही तेच. मग एका सकाळी ते आमच्या सोप्यात येऊन बसले.

"दुकान बंद करतोय, बाई. पण पोरं गेली कुठं ते तरी सांगा. तुम्ही शिकवत हुता न्हवं?"

त्यांच्याच खाकी कागदावर मी चार आकृत्या काढल्या. खाली लहान मुलं, वर म्हातारी माणसं. दोन भारताच्या, दोन जपानच्या. प्रत्येक देशाची एक जुनी, एक आताची.

चाचांनी चष्मा लावला. "ह्यो आपला जुना. परकर हाय की! खाली घेरच घेर." मग आताच्या जपानवर बोट ठेवलं. "आणि ह्यो? उलटा टांगलाय काय? खांदं रुंद, खाली घेरच न्हाय!"

"त्यांचाही पूर्वी परकरच होता, चाचा." मी जुना जपान पुढे सरकवला.

त्यांनी चारही कागद ओळीनं मांडले. "म्हंजे त्यांचा आधी आटला. आपला आता आटाय लागलाय."

"हो."

"मग पोरं कुठं गेली न्हाईत. जन्मलीच न्हाईत. आणि माझ्या आधीच्या कुंच्या?"

"त्या सगळ्या मोठ्या झाल्या. वर सरकल्या."

"घेर वर सरकला म्हणा की!" ते एकदम हसले. "मग तिकडचं शिंपी काय शिवत्यात, तेवढं लेकाला इचारा."

तुमच्या बाबानं जपानहून कळवलं, म्हाताऱ्या माणसांना आपल्या हातानं घालता येतील असे कपडे. ते ऐकून चाचा म्हणाले, "तुमचा उजवा हात वर जात न्हाय. लई वर्सं बघतोय." आठवड्यात माझं पोलकं तयार. बाही सैल, आणि बारीक हुकांच्या जागी मोठी टिचबटणं. मी पाच वर्षांत प्रथमच कुणाला हाक न मारता पोलकं घातलं.

मग माणसं येऊ लागली. बहुतेकांचा पहिलीचा गणवेश चाचांनीच शिवलेला. निवृत्त झालेले एक मोठे साहेब सैल विजार शिवून घ्यायला आले, तर चाचांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "या पावणं! पहिलीत चड्डी घसरत हुती. आता बी इलॅस्टिकच लावू न्हवं?"

साहेब लाजले, आणि दोन शिवायला टाकून गेले.

चाचा एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. दुकान आता त्यांची सून चालवते. गणवेश थोडे असतात, आमच्या वयाचे कपडे पुष्कळ. दुकान रोज सकाळी दहाला उघडतं.