जाधवचा कान

बर्फातल्या त्या पोस्टवर आम्ही अठरा जण होतो. मी हवालदार. वायरलेस सेटवर नायक जाधव. तो लालबागचा, मी करी रोडचा. घरं दहा मिनिटांच्या अंतरावर, पण ओळख झाली ती तिथे.

सहाला स्टँड टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर, सातला चहा, साडेसातला रेडिओ चेक. तिसऱ्या आठवड्यात जाधवचा उजवा कान लालभडक होऊन सुजला. तो उतरला तसा डावा सुजला. हेडसेट चढवताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. बेसवरून आलेल्या डॉक्टरने थंडी बाधली म्हणून मलम दिलं. मग आवाज बसला. कंपनी कमांडर मेजरसाहेब भेटीला आले तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, खाली जायचा हा कुठला नवा रस्ता शोधलास? जवान हसले. मीही हसलो. त्या मेजरबद्दल मला आजही आदर नाही. हसणाऱ्या हवालदाराबद्दल तर त्याहून नाही.

गस्तीच्या आदल्या दुपारी जाधव माझ्याकडे आला.

"हवालदारसाहेब, उद्या सेटवर दुसरा कोणी द्या. आवाजाचा भरवसा नाही."

"कान दुखतो म्हणून आवाज बसतो होय रे? सेटवर तूच."

सकाळी आठ चाळीसला मी सहा जणांना घेऊन नाल्यात होतो. सेट खरखरला. शब्द नाही, नुसती शीळ घातल्यासारखी हवा.

"से अगेन, ओव्हर."

पुन्हा तीच हवा. मी त्याला शिवी घातली. तेवढ्यात बोलायच्या बटणाचे तीन खटके ऐकू आले. आवाज पोचत नसेल तर दोन खटके म्हणजे थांबा, तीन म्हणजे मागे फिरा, अशी आमच्या प्लाटूनची खूण होती.

"मागे फिरू? कन्फर्म, ओव्हर."

तीन खटके.

आम्ही फिरलो. आठ बावन्नला वरचा अख्खा उतार नाल्यात आला. पोस्टवरून जाधवला बर्फाला गेलेली भेग दिसली होती. परतलो तेव्हा जाधव मान ताणून श्वास ओढत होता. ओठ निळे पडले होते. बोट अजून बटणावर होतं.

दुपारी हेलिकॉप्टरने त्याला खाली नेलं. मेजरसाहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं की ऑपरेटर तोंडी संदेश देऊ शकला नाही. सात जण जिवंत परतले, हे लिहायला त्यांच्या कागदावर जागा उरली नसावी.

मेडिकल बोर्डाने दम्याचा पेशंट ठरवून जाधवला फौजेतून घरी पाठवलं. लालबागला आला तोवर नाक मधोमध खचलं होतं. चाळीतले शहाणे विचारायचे, कुणाचा ठोसा खाल्लास? शेवटी परळला एका तरुण डॉक्टरबाईंनी त्याचा कान निरखून पाहिला. मी सोबत होतो. सगळा कान सुजलेला, फक्त खालची पाळी शाबूत.

"पाळीत कूर्चा, म्हणजे मऊ हाड, नसते," त्या म्हणाल्या. "हा आजार कूर्चेलाच खातो. कान, नाक, श्वासनलिका."

रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस. शरीर स्वतःच्याच कूर्चेवर शत्रू समजून चाल करतं. आजार दुर्मीळ, हे मान्य. पण बघायला डोळे लागतात, आणि आमच्यात एकालाही नव्हते. गळ्यात बसवलेल्या श्वासाच्या नळीवर दोन वर्षं काढून जाधव एका दुपारी गेला. श्वासनलिका मिटली.

मी आता राहतो त्या टॉवरमध्ये सव्वीस जानेवारीला गेलेल्या जवानांची नावं वाचतात. यंदा वाचायचं माझ्याकडे होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला हळूच सांगितलं, काका, आजारपणात गेलेले नकोत, फक्त शहीद वाचा. हे गृहस्थ पार्किंगच्या जागेसाठी कोर्टात जातात.

मी त्यांच्या हातातून माइक घेतला. आमच्या प्लाटूनचे चार जण गोळीने गेले, त्यांची नावं वाचली. मग वाचलं, "नायक जाधव, वायरलेस ऑपरेटर." खाली समोसे वाटायला सुरुवात झाली होती. मी एक मिनिट सावधानमध्ये उभा राहिलो. एकटाच.