हातानं उघडणारं झाकण

माझ्या कार्डावर आज जे पद छापलेलं आहे, ते मला माझ्या थोरल्या भावाची एक वस्तू त्याला न विचारता देऊन मिळालं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढेही नाही.

तासगाव सोडलं त्या सकाळी दादानंच मला टेम्पोतून सांगलीच्या स्टँडवर आणलं. मागं त्याच्या वर्कशॉपमधले फवारणीचे पंप, त्यांच्या बेचक्यात माझी बॅग. द्राक्षबागांसाठी तो स्वतः पंप बनवायचा. चार माणसं, एक लेथ. मी उतरताना म्हणाला, "शिकून घे सगळं. माल चांगला करता येतो मला, पण चारचौघांत त्याचं बोलायला जमत नाही. ते तू बघ." आई घरातूनच म्हणाली होती, "पोचलास की कळव," जणू मिरजेला निघालो होतो. मार्केटिंग शिकायचं आणि परत यायचं, असं ठरलं होतं. आमच्या घरात असलं काही कागदावर ठरत नाही.

इथं जर्मनीत सगळं कागदावरच ठरतं. कायझर्सलाउटर्नला मास्टर्स झालं आणि तिथून जवळच पंपांच्या एका कंपनीत नोकरी लागली. पदाचं नाव भारदस्त, प्रॉडक्ट मार्केटिंग. श्टेलेनबेश्रायबुंग, म्हणजे कामाचं वर्णन, दीड पानाचं: एका प्रकारच्या पंपांची माहितीपत्रकं अद्ययावत ठेवणे. बस. किंमत ठरवणारे वेगळे, ग्राहकांशी बोलणारे वेगळे, नवा माल बाजारात आणणारे तिसऱ्या मजल्यावर. मी काही विचारलं की माझ्या वरिष्ठ, फ्राऊ लेंट्स, अगदी मायेनं म्हणत, "हा तुमचा विषय नाही." सहा वर्षं मी पंपांची वजनं आणि मिलिमीटर लिहीत होतो. तासगावात सगळ्यांना वाटायचं, हा तिकडं मार्केटिंग बघतो.

त्या माहितीपत्रकात एक ओळ असायची, 'वापर'. मला वाट सापडली ती तिथं. ही एक ओळ नीट लिहायची आहे, असं सांगून जेवायच्या सुट्टीत दुरुस्ती विभागात जाऊन बसू लागलो. परत आलेल्या पंपांना बांधलेल्या तक्रारीच्या चिठ्ठ्या वाचल्या. विक्रीतल्या एकाची एक्सेलची कामं करून दिली आणि किंमत कशी ठरते ते ऐकून घेतलं. प्रदर्शनाला खोकी उचलायला म्हणून गेलो, दिवसभर स्टॉलच्या मागं उभा राहून लोक काय विचारतात ते टिपलं. पुण्याहून नवीन आलेली मुलं मला विचारतात, एवढ्याशा कामात राहून इतकं कसं शिकलात? मी हेच सांगतो. ते खोटं नाही, पण तिथवरच सांगतो.

ग्राहकाशी बोलायची परवानगी मात्र कधी मिळाली नाही. मग ज्याला विचारायला कुणाची परवानगी लागत नाही अशा एका माणसाला विचारू लागलो. दर रविवारी दादाला फोन. शेतकरी पंप परत का आणतात? दुकानदार आधी काय बघतो? त्याला बरं वाटायचं. "आता कुठं लेका धंद्यात गोडी लागली तुला," म्हणायचा आणि सांगत सुटायचा. एकदा म्हणाला, फवारणीच्या बोर्डो मिश्रणातला चुना झडपेत बसतो, पंप बंद पडतो, आणि बागेत पाना कुणाकडं असतोय? म्हणून त्यानं झडपेवर हातानं पिळून उघडणारं झाकण केलं होतं. तीन हंगाम खपून. व्हिडिओ कॉलवर डोळे मिटून ते उघडून दाखवलं. मी म्हणालो, परत दाखव.

महिन्याभरानं नव्या पंपाविषयीच्या माझ्या प्रेझेंटेशनमध्ये ते झाकण होतं. माहिती कुठून मिळाली, त्या रकान्यात मी लिहिलं: बाजारातील संभाषण. फ्राऊ लेंट्स त्या दिवशी 'हा तुमचा विषय नाही' म्हणाल्या नाहीत. गेनाऊ, म्हणाल्या, अगदी हेच हवं होतं.

त्या झाकणाचा पंप भारतात विकायला काढायचं ठरलं तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो होतो, हेही सांगायला हवं. म्हणालो, ही कल्पना माझ्या ओळखीतल्या एका माणसाची आहे. त्यांनी विचारलं, पेटंट आहे? नाही. "आल्झो," म्हणजे 'मग झालं तर', असं म्हणून त्यांनी पुढची फाइल उघडली. ओळखीतला माणूस. भाऊ हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. निघाला असता तरी काही थांबलं नसतं असं मला वाटतं, आणि तसं वाटणं माझ्या सोयीचं आहे, हेही कळतं.

दादाचे दुकानदार एकेक करून आमच्या कंपनीकडे गेले. मोठ्या नावाचा माल आणि तेच झाकण. त्यानं पंप बनवणं बंद केलं. आता वर्कशॉपवर आमच्या कंपनीची पाटी आहे: अधिकृत दुरुस्ती केंद्र. पाटी लागली त्या दिवशी त्याचा फोन आला. "तुमचा पंप चांगला आहे की रे. तिकडंबी कुणीतरी आपल्यासारखाच विचार केलाय बघ."

मी "हो" म्हणालो.

गेल्या उन्हाळ्यात तासगावला गेलो, तेव्हा माझी मुलगी सई बरोबर होती. तेरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन. वर्कशॉपच्या फळीवर धूळ खात पडलेला दादाचा पंप तिनं उचलला, झाकण पिळून उघडलं आणि जर्मनमध्ये मला म्हणाली, "हा तर तुमच्या कंपनीचा पंप. पण इतका जुना कसा?"

दादानं कौतुकानं विचारलं, "काय म्हणतीय पोरगी?"

"भूक लागलीय म्हणतेय," मी म्हणालो.

"अगं, पोरीला काहीतरी खायला दे," दादानं लगेच वहिनींना हाक मारली. सईनं माझ्याकडे बघितलं. मग वहिनींनी आणलेले पोहे तिनं मान खाली घालून संपवले. त्यानंतर त्या पंपाबद्दल तिनं मला काही विचारलेलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

घर म्हणजे आता मला ती एक जागा आहे, जिथं मी बोलेन ते खरं धरलं जातं. म्हणूनच तिथं चार दिवसांच्या वर बसवत नाही.

हे मी इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकात लिहितो आहे. हा अंक तासगावला जात नाही, याची खात्री करून घेऊनच लिहितो आहे. दादा येत्या माघात साठीचा होईल. ते झाकण त्याचं होतं आणि ते मी दिलं, हे त्याच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.