नानांचा वस्तरा

आमचा मोरेश्वर बँकेच्या कामासाठी कोबेत आला तो भूकंपानंतरच्या वर्षी, आणि पुरता जपानी झाला. कचऱ्याचे प्रकार त्याला तोंडपाठ. शेजारच्या आज्जी एखादी वस्तू कुठल्या पिशवीत टाकायची, हे त्याला विचारायच्या, आणि ह्याची कॉलर ताठ व्हायची. माणूस लाख चांगला, पण न विचारता दुसऱ्याचं भलं करण्याची वाईट खोड.

त्याचे वडील, लक्ष्मणराव, म्हणजे आमचे नाना, ठाण्याला मुलीकडे असत. सहस्रचंद्रदर्शनानंतर ते तीन महिने कोबेत राहायला आले. काचबिंदूने नजर जवळजवळ गेली होती. चहा हातात द्यावा लागे, चपला पायापाशी ठेवाव्या लागत. एक दाढी मात्र ते स्वतः करत, रोज, तरुणपणापासूनच्या वस्तऱ्याने. तेवढ्या वेळात बाथरूमच्या दारात कुणी उभं राहिलेलंही त्यांना खपत नसे.

वस्तऱ्याच्या पाठीला गंज चढलेला, शिंगाची मूठ झिजून कडेला उडालेली. मोरेश्वरने धार लावून देतो म्हणून तो मागून घेतला; सकाळी दाढीपुरता परत देई. रोज संध्याकाळी गंज काढला, ओल्या दगडावर पातं घासलं, चामड्याच्या पट्ट्यावर पाजळलं. मग चेरीचं लाकूड आणून नवी मूठ घडवली, काचेसारखी गुळगुळीत. वीणा, त्याची बायको, एकदा म्हणाली की नानांना आधी विचारा. त्याला अचानक द्यायचं होतं. जुनी मूठ मंगळवारी जळणाऱ्या कचऱ्यात गेली, नियमाप्रमाणे.

मीही कोबेतच असतो; त्या सकाळी त्यांच्या घरीच होतो. नानांनी वस्तरा हातात घेतला, लाकडावरून बोटं फिरवली, कौतुक केलं. मग अंगठा एकाच जागी चाचपडत राहिला.

"ह्याची खाच कुठंय रे?"

"ती उडालेली कड? काढली ना. आता एकदम नवा झालाय."

"धार कुठल्या अंगाला आहे, ते मला तिच्यावरून कळायचं," नाना म्हणाले.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. मोरेश्वरने कानशीने नवी खाच पाडून दिली. नानांनी दोन दिवस प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी बोट कापलं, तेव्हा त्यांनी वस्तरा मिटून त्याच्या हातात दिला आणि स्टुलावर बसून हनुवटी वर केली. मोरेश्वरने दाढी केली. त्याचे डोळे भरून आले होते, पण ते नानांना दिसणार नव्हते. जुनी मूठ मागायला कुठे जायचं, एवढंच तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता.

जाताना नानांनी वस्तरा नेला नाही. परवा मी त्याच्याकडे असताना ठाण्याहून व्हिडिओ कॉल आला. बहीण सुलेखाने फोन नानांसमोर धरला. गालांवर पांढरे खुंट वाढलेले. नानांना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

मोरेश्वर कसाबसा म्हणाला, "नाना, दाढी वाढलीय हो."

"वाढू दे. मला कुठे दिसतेय?"