सावंतांचा निळा ड्रम

आमच्या मुलुंडच्या रंगाच्या कारखान्यातून विषारी कचऱ्याचा ट्रक नियमानं निघतो. किस्से मात्र तिथेच साचतात. त्यांची विल्हेवाट अशी गप्पा मारत आम्हालाच लावावी लागते.

*

कचऱ्याच्या शेडवर कवटीचा मोठा बोर्ड आहे. तरी सगळे कँटीनला शॉर्टकट म्हणून शेडमधूनच जायचे, तेही हातात वडापाव घेऊन! आमचे स्टोअरवाले सावंत वैतागले आणि त्यांनी उंबऱ्यावर लिंबू-मिरची ठेवली. त्या दिवसापासून कुणी ओलांडेल तर शपथ. तपासणीला आलेले साहेबसुद्धा बाहेरूनच मान वर करून म्हणाले, "दिसतंय, दिसतंय सगळं."

*

केमिकलच्या रिकाम्या निळ्या ड्रमवर सगळ्या स्टाफचा डोळा. घरी पाणी येतं जेमतेम, त्यामुळे ड्रम म्हणजे इस्टेट! आमच्या वॉचमननं एक गुपचूप नेला, साबणानं घासला आणि पिण्याचं पाणी भरलं. त्याची मुलगी हॉस्पिटलात पोचली. पोरगी वाचली, पण तोवर आमच्या जिवात जीव नव्हता.

तेव्हापासून ड्रम रिकामा झाला की सावंत ड्रिलनं बुडाला भोक पाडायचे, मगच तो शेडमध्ये जायचा.

*

अकाउंट्सच्या मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "भोकाचा चालेल हो, तुळस लावीन." सावंतांनी तो ड्रम त्यांच्यासमोर उभा कापला.

*

दिंडोशीला घरी सावंतवहिनींचंही तेच मागणं. नवरा ड्रमांच्या ढिगात नोकरी करतो आणि आपण बादल्या भरत बसायचं? सावंत ऐकेनात. वहिनींनी अबोला धरला आणि डब्यातून मासे गायब झाले. मालवणी माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

मी म्हटलं, नवा विकत घ्या ना. तर म्हणाले, "निळा ड्रम बघितला की माका ती पोरगी आठवता."

*

सावंत रिटायर झाले. आम्ही दुकानातून कोरा करकरीत निळा ड्रम आणला, त्याला रिबीन बांधली आणि स्टोअरमधल्या सेंड-ऑफला वहिनींनाही बोलावलं. ड्रम बघून वहिनी कितीतरी दिवसांनी नवऱ्याकडे पाहून हसल्या. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. सावंतांना भरून आलं. त्यांनी डोळे पुसले, ड्रम उलटा केला, बाजूचं ड्रिल उचललं आणि बुडाला भोक पाडलं.

कुणी टाळ्या वाजवेना. वहिनी उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या,

"आता तेच्यात तुळस लावा."