कंबरेवरची पट्टी

"ही पट्टी कशाची?" डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत ती ओढून काढली. खाली, प्रमोदच्या कंबरेवर, पायजम्याची नाडी येते तिथे, एक काळी खपली होती. वाटाण्याएवढी, विडीचा चटका बसावा तशी. बाईंनी ती निरखून पाहिली, जांघेतली गाठ चाचपली आणि माझ्याकडे वळल्या.

"गेल्या दोन-तीन आठवड्यांत हे गवतात बसले होते का कुठे?"

मी म्हटलं, "हो."

"मग हा स्क्रब टायफस आहे. मलेरिया नाही."

तोपर्यंत हे नाव मी ऐकलंसुद्धा नव्हतं. पावसाळ्यानंतर गवता-झुडपात एक किडा होतो, गोचिडीच्या जातीचा, पण इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. त्याचं पिल्लू चावतं आणि चावलेलं कळत नाही. काही दिवसांनी तिथे काळी खपली धरते, डॉक्टर तिला एस्चार म्हणतात. मग ताप चढतो, डोकं फुटायला येतं. वेळेत ओळखला तर हा रोग साध्या औषधाने जातो. नाही ओळखला तर फुफ्फुस, लिव्हर, किडनी, सगळ्यांना धरतो. प्रमोदला ऑक्सिजन लागला होता आणि व्हेंटिलेटरची भाषा सुरू झाली होती.

आणि ती पट्टी मी लावली होती. ती का लावली, हे समजायला आमचं घर समजून घ्यावं लागेल.

प्रमोद माझा नवरा. आम्ही दोघं झांबियातल्या एका मिशन शाळेत शिकवतो, तो विज्ञान आणि मी गणित. लग्नानंतर लगेच गेलो. आमची मुलगी रूथ तिकडचीच, आता अकरा वर्षांची आहे. नागपुरातल्या लोकांना वाटतं मिशनरी म्हणजे हातात बायबल घेऊन दिवसभर झाडाखाली उपदेश करणार. अहो, कसलं काय! सकाळी पाण्याची पिंपं भरायची, मक्याच्या पिठाचं पिठलं करून बघायचं आणि नवऱ्याने "बेसनाचं वेगळंच गं" म्हटलं की त्याच्याकडे रागाने बघायचं. मग शाळा, वह्या, प्रार्थना. रविवारी उपासनेनंतर अर्धं गाव आमच्या ओसरीवर जेवायला. आणि उरलेल्या वेळात इस्त्री.

इस्त्री का, तर तिकडे पुत्सी नावाची माशी असते. वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर ती अंडी घालते. तो कपडा अंगात घातला की अळी कातडीत शिरते आणि फोड येतो. म्हणून प्रत्येक कपड्याला कडक इस्त्री करायची. चादरी, टॉवेल, मोजे, चड्ड्या, काही सोडायचं नाही. वीज गेली की कोळशाची इस्त्री काढायची. एवढं करूनही फोड आलाच तर त्यावर व्हॅसलीन थापायचं आणि वर पट्टी चिकटवायची. हवा मिळाली नाही की अळी वर येते, मग पिळून काढायची. वसतिगृहातल्या पोरींच्या, रूथच्या, प्रमोदच्या पाठीतून मी अशा कितीतरी अळ्या काढल्या आहेत. किळस पहिल्याच वर्षी संपते.

तापाचंही तसंच. तिकडे ताप म्हणजे मलेरिया, आणि दवाखाना लांब. आमच्या स्वयंपाकघरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात गोळ्या. अंग तापलं की डबा उघडायचा, कोर्स पुरा करायचा, पुन्हा वर्गात उभं राहायचं. आम्ही याला धाडस वगैरे समजत नाही. इकडे लोक सर्दीला आल्याचा चहा घेतात, इतकं ते साधं होतं.

मिशनच्या लांब रजेला फर्लो म्हणतात. यंदाच्या फर्लोवर ऑक्टोबरात आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला प्रमोदच्या आईकडे आलो. बिस्किटांचा डबाही सोबत होता. सासरे वारल्यापासून आई एकट्याच राहतात. त्यांचा आमच्यावर राग नाही, झांबियावर आहे. त्या देशाचं नावसुद्धा घेत नाहीत, "तुमचं तिकडचं" म्हणतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला इस्त्री करताना पकडलं.

"चड्ड्यांले कोणी इस्त्री करते का वं? कोण पाहून राहिलं आतमधी?"

मी माशी समजावून सांगितली. आई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "अशा ठिकाणी माणसानं राहावंच काहून?" मी पुढचा टॉवेल घेतला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्या ख्रिस्ती लोकांत कबरी साफ करायची रीत आहे. गवत काढायचं, चुना लावायचा, झेंडूची फुलं ठेवायची, मेणबत्त्या लावायच्या, प्रार्थना करायची. सासऱ्यांची कबर काटोलच्या पुढे, त्यांच्या गावच्या दफनभूमीत आहे. हे काम खरं तर मुलाचं. पण मुलगा परदेशी, म्हणून दरवर्षी आई गावातल्या कुणाला तरी सांगून करून घ्यायच्या आणि ती गोष्ट त्यांना लागायची. यंदा त्यांनी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांना सांगितलं, "माहा पोरगा आला. तोच करन आता." तिथे गवत कमरेएवढं माजलं होतं. प्रमोद सकाळपासून दुपारपर्यंत त्यात मांडी घालून बसला, हाताने मुळासकट गवत उपटत राहिला. आई छत्री धरून उभ्या होत्या. इतक्या खूश मी त्यांना फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आठवडाभराने प्रमोदला कंबरेवर फोड दिसला.

आम्ही दोघांनीही एकदमच म्हटलं, "पुत्सी." येताना घाईत काही कपडे बिनइस्त्रीचे बॅगेत कोंबले होते, त्याचाच हा प्रसाद, असं ठरवून मी व्हॅसलीन लावलं, वर पट्टी चिकटवली. दोन दिवसांनी उघडून पाहिलं तर अळी नाही. खाज नाही, ठणका नाही. प्रमोद म्हणाला, "मेली असेल आतल्या आत." मला ते पटलं. मी नवी पट्टी लावली. उत्तर आधी लिहून मग पायऱ्या जुळवणाऱ्या पोरांना मी वर्गात रागावते, आणि इथे मी तेच करत होते.

मग ताप आला. अर्थातच डबा उघडला. गोळ्या संपल्या, ताप नाही संपला. डोकं इतकं दुखायला लागलं की रूथ पायात चपला घालून चालली तरी प्रमोद कण्हायचा. तेव्हा कुठे आम्ही धंतोली गाठली.

धंतोलीच्या हॉस्पिटलात मी पहिलं वाक्य बोलले ते असं: "आम्ही आफ्रिकेतून आलोय, यांना मलेरिया झालाय, कोर्स झाला, पण ताप उतरत नाही." झालं. आफ्रिका हा शब्द ऐकल्यावर पुढे कुणाला काही ऐकू आलं नाही. एका तरुण डॉक्टरने मास्क चढवला आणि मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. रक्त घेतलं. मलेरिया निगेटिव्ह. मी सांगितलं, गोळ्या घेतल्यामुळे दिसत नसेल. तेही म्हणाले, असू शकतं. पुन्हा रक्त घेतलं, डेंग्यू पाहिला, तोही निगेटिव्ह. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरत होत्या. लिव्हरचे आकडे चढत होते. मलेरियाचं इंजेक्शन सुरू केलं, आणि श्वास लागायला लागला तसं त्याला आयसीयूत हलवलं.

एका नर्सने पट्टीकडे बोट दाखवून विचारलं होतं. मी म्हटलं, "काही नाही सिस्टर, साधा फोड आहे, मी बघतेय त्याच्याकडे." इतक्या विश्वासाने सांगितलं की तिने पुढे विचारलं नाही. तिला दुसरे पेशंट होते, ती गेली.

आयसीयूच्या बाहेर निळ्या खुर्च्या होत्या. विदर्भभरातून आलेली माणसं तिथे डबे उघडून जेवत होती, फोनवर शेताचं बोलत होती. आई माझ्या शेजारी बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून.

"तिकडचाच रोग हाय हा. मी म्हणत होती ना, नको जाऊ, नको जाऊ. त्या मुलखानं खाल्लं माह्या पोराले."

मलाही तेच वाटत होतं. एका काचेपलीकडे प्रमोद माशासारखा तोंड उघडून श्वास घेत होता आणि मी हिशेब करत होते: त्याला काही झालं तर रूथला घेऊन मी तिकडे परत जाणार की इथेच राहणार. हे असलं मनात येतं याची मला लाज वाटली. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. प्रार्थना करायला डोळे मिटले तर शब्दच येईनात. "देवा, हा नको नेऊस," एवढंच म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुट्टीवरून परतलेल्या डॉक्टरबाई राऊंडला आल्या. त्यांनी मलाही आत बोलावलं. त्यांना आफ्रिकेचं फारसं कौतुक वाटलं नाही. त्यांनी चादर बाजूला केली आणि माणूस डोक्यापासून पायापर्यंत तपासायला घेतला. पुढचं मी वर सांगितलंच आहे.

मी पुत्सीची गोष्ट सांगितली. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमची ती तिकडची माशी असती तर एवढं झालं नसतं. हे आपलं इथलं आहे. दरवर्षी पावसाळ्यानंतर आमच्याकडे येतात असे पेशंट." मग त्यांनी औषधाचं नाव सांगितलं, डॉक्सीसायक्लीन. तीच गोळी माझ्या डब्यात होती. शाळेत थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना मलेरिया होऊ नये म्हणून देतात ती. घरच्यांसाठी ती नसते, म्हणून आम्ही तिला हातही लावला नव्हता.

औषध सलाईनमधून सुरू झालं. त्याच दिवशी काही फरक दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "ताप उतरला, आणि तुमचे साहेब चहा मागून राहिले." माझा जीव भांड्यात पडला. मी त्या निळ्या खुर्चीवर बसून मोठ्याने रडले, लोक डबे हातात धरून बघत राहिले.

आईंना मात्र सांगायचं राहिलं होतं. डॉक्टरबाईंनीच बाहेर येऊन सांगितलं, "आजी, घाबरू नका आता. गवतातल्या किड्यानं झालं होतं."

बाई गेल्यावर आईंनी मला विचारलं, "कोणतं गवत?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं.

"बाबांच्या तिथलं?"

मी मान हलवली.

"मीच बसवलं त्याले तिथं," आई म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नुसता चहा घेतला. झांबियाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि खरं सांगते, त्यांचं ते बोलणंच मला बरं वाटलं असतं.

प्रमोदला वॉर्डात हलवल्यावर त्या त्याच्या पायाशी बसल्या, तळपाय चोळायला लागल्या. डोळ्यांतून पाणी चाललेलं.

"काहून रडून राहिली आई?" प्रमोद म्हणाला. आवाज अजून बसलेला होता. "बाबाच्या कबरीचं गवत काढलं, चोरी नाही केली. पुढच्या खेपेला पण मीच काढीन. फुल पँट घालून काढीन, बस?"

आई रडता रडता हसल्या. "चूप बस. पाय हलवू नको."

घरी आल्यावर अशक्तपणा बरेच दिवस राहिला. जिना चढला की प्रमोद बसायचा. पण रोग गेला.

माझ्यासारखं दोन देशांत घर करणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे. ताप आला तर डॉक्टरांना तिकडचंही सांगा आणि इकडचंही सांगा, पण रोगाचं नाव तुम्ही सांगू नका, ते त्यांना शोधू द्या. अंगावरचा फोड, ओरखडा, डाग, सगळं दाखवा. मनाने गोळ्या घेऊ नका. आणि गवतात बसायचंच असेल तर खाली काहीतरी अंथरा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी येऊन लगेच आंघोळ करा. हे गवताचं मी झांबियात पोरांना शिकवत आले आहे. सक्करदऱ्यात मला ते सुचलं नाही, कारण इथे मी घरी होते. त्या डॉक्टरबाईंचे आणि पट्टीबद्दल विचारणाऱ्या त्या सिस्टरचे आभार मानते. सिस्टरला मी पेढे द्यायला गेले तेव्हा तिला मी आठवतही नव्हते.

परत जायचं की नाही, हा प्रश्न घरात कुणी काढत नव्हतं. शेवटी आईंनीच काढला, भाजी निवडता निवडता. "जाय गा बाबू तू. पोरं वाट पाहून राहिले असतील शाळेतले. इथलं गवत मी पाहून घेईन."

निघायच्या आदल्या दिवशी मी बाजारातून आले तर आई खोलीत पलंगावर चादर अंथरून इस्त्री करत होत्या. शेजारी रूथ घड्या घालत होती. प्रमोदचे शर्ट, रूथचे फ्रॉक, टॉवेल, मोजे. आणि सगळ्यात वर, नीट चौकोनी घडी घातलेल्या, आमच्या चड्ड्या.

"माशी हाय ना तिकडं," आई म्हणाल्या.

नागपुरात केलेल्या इस्त्रीचा तिकडच्या माशीवर काही परिणाम होत नाही. तिकडे कपडे पुन्हा धुवायचे, पुन्हा वाळत घालायचे, अंडी तेव्हा घातली जातात. चुकीचं उत्तर दिसलं की लाल पेन उचलायची माझी सवय आहे. मी बॅग उघडली आणि आई देत गेल्या तशा घड्या आत ठेवत गेले.